बोटीवरचं पोट

यंदा गणपतीला आमच्या घरी बऱ्याच वर्षांनी सगळी जमली होती. चतुर्थीच्या दुपारी पंगत बसली, मोदकांचं ताट फिरायला लागलं, आणि नुकताच बोटीवरून उतरलेल्या भाच्याकडे बघून कोणीतरी म्हणालं, "काय रे, डॉलर अंगाला लागलेले दिसतात!" सगळे हसले. तोही हसला. हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी निम्मी मंडळी त्या पंगतीत होती, तेव्हा लपवण्यात काही अर्थ नाही. ते 'कोणीतरी' म्हणजे मीच.

त्याने एकच मोदक घेतला आणि त्यातलाही अर्धा पानात ठेवला. आमच्याकडे पानात टाकलेलं चालत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मला जरा राग आला, पण सणाचा दिवस म्हणून गप्प बसले.

रात्री आरत्या झाल्यावर बाकीचे पत्त्यांना बसले आणि हा एकटाच पडवीत जाऊन बसला. मी शेजारी गेले तेव्हा हळूहळू एकेक बाहेर आलं. पुढच्या कंत्राटाआधीच्या मेडिकलमध्ये त्याला 'तात्पुरता अनफिट' ठरवलं होतं. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९३ किलो, बीएमआय ३३. कंपनीची मर्यादा ३०. म्हणजे दोन महिन्यांत आठ-नऊ किलो उतरवायचे, नाहीतर त्याच्या जागी दुसरा जाणार. बोटीवरची नोकरी ही बहुतेकांची अशीच असते, बोटीवर आहात तोवर पगार, जेटीवर पाय ठेवला की बंद. फ्लॅटचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला जातो. "आत्या, तीन दिवस नुसत्या ताकावर आहे," म्हणाला. "मोदकाच्या वासानेच गरगरत होतं."

दुपारचं माझं वाक्य मला आठवलं आणि पडवीतल्या काळोखाचं फार बरं वाटलं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. मास्तरकीची खोड, दुसरं काय. भाच्याला फोनवर पिडलं, त्याच्या दोन मित्रांशी बोलले, जावयाकडून नियमांच्या छापील प्रती काढून घेतल्या आणि शब्दकोश जवळ घेऊन वाचल्या. जितकं वाचलं तितका राग वाढत गेला. तो इथे उतरवून ठेवते आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. दर्यावर्दी माणसाचं पोट बोटीवर सुटतं, ते बोट चालवणाऱ्यांच्या जमाखर्चातून सुटतं, आणि त्याचा दंड मात्र त्या एकट्याकडून वसूल होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

"बसून खातात, दुसरं काय!" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, बहुधा म्हटलंही असेल. तर हे 'बसून' कसं असतं ते सांगते. भाचा सेकंड इंजिनीअर. इंजिनरूममध्ये चाळीसच्या वर तापमान, कानात बोळे, शिड्या चढायच्या-उतरायच्या. बोटीवर दिवसाचे तुकडे पाडलेले असतात. पहाऱ्यावरचा माणूस चार तास काम, आठ तास मोकळा, पुन्हा चार तास काम. बारा-चारची पाळी म्हणजे दुपारी बारा ते चार आणि रात्रीही बारा ते चार. लहान बोटींवर माणसं कमी, तिथे सहा तास काम आणि सहा तास विश्रांती असं महिनोन्महिने चालतं. आणि ज्यांची पाळी दिवसाची असते (भाच्याची तशी आहे), त्यांना रात्री अलार्म वाजला की उठून खाली पळायचं. बंदर जवळ आलं की तर सगळ्यांचीच झोप गेली.

पहाटे चारला पाळी संपवून वर आलेल्या माणसाने काय खावं? भंडारी झोपलेला असतो. (बोटीवर भंडारी म्हणजे स्वयंपाकी, आडनाव नव्हे.) मेसमध्ये ब्रेड, चीज, बिस्किटं आणि पाणी ओतून फुगवायच्या नूडल्स असतात. तो तेच खातो आणि झोपतो. आता झोप कमी पडली की भूक वाढते हे काही मी सांगत नाही. माणसांवर प्रयोग करून पाहिलंय की झोप तोडली की भूक लावणारं घ्रेलिन रक्तात वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं. म्हणजे त्याची भूकसुद्धा पुरती त्याची राहिलेली नाही, ती ड्यूटीच्या वेळापत्रकाने ठरवलेली आहे.

"पण कामाच्या तासांचे नियम असतील ना?" आहेत तर! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००६ साली खलाशांसाठी एक मोठा करार केला, तो २०१३ पासून लागू झाला, भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात देशांना दोन पद्धतींपैकी एक निवडता येते. एक, आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास काम. किंवा दोन, आठवड्याला कमीत कमी ७७ तास विश्रांती. आता पाचवीतल्या मुलालाही जमेल अशी वजाबाकी करा. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ गेले, उरले ९१. आठवड्याला ९१ तास काम, म्हणजे रोज तेरा तास, रविवार धरून. हे कायदेशीर बरं का. या विश्रांतीचे रोज दोन तुकडे पाडले तरी चालतात, त्यातला एक सहा तासांचा असला म्हणजे झालं.

आणि हेही कागदावरचं. स्वीडनमध्ये मालमो इथे वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटी आहे. तिने २०२० साली याच कामाच्या आणि विश्रांतीच्या नोंदींवर अहवाल काढला. त्याचं नावच 'अ कल्चर ऑफ अॅडजस्टमेंट'. नोंदी नियमात बसतील अशा 'जुळवून' लिहिल्या जातात, हे त्या नावातच आलं. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. शाळा तपासणीच्या आदल्या संध्याकाळी हजेरीपट कसे नीटनेटके होतात ते मी तीस वर्षं पाहिलं आहे. माझे स्वतःचेही झाले आहेत.

आता ताटाकडे येऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे.

बोटीवर जेवण फुकट असतं, तसा नियमच आहे. पण त्यासाठी कंपनी माणशी रोजचा एक दर ठरवते, त्याला फीडिंग रेट म्हणतात. भाच्याच्या मागच्या बोटीवर तो साडेसात डॉलर होता. ऐकायला साडेसहाशे रुपये वाटतात, "आमच्या घरी एवढ्यात सगळ्यांचं जेवण होईल," असं माझी वहिनी म्हणालीही. पण सामान आपल्या बाजारपेठेतून येत नाही. ते सिंगापूर नाहीतर रॉटरडॅमच्या पुरवठादाराकडून, त्याच्या भावाने, बोटीपर्यंत पोचवण्याच्या खर्चासकट येतं. त्या साडेसात डॉलरमध्ये तीन वेळचं जेवण, चहा, दूध, तेल, मसाले, सगळं.

आमच्या शाळेत खिचडी शिजायला लागली तेव्हा मी तो हिशेब सांभाळला आहे. मध्यान्ह भोजनाची योजना १९९५ ची, आधी मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचे, शिजवलेलं द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. तांदूळ सरकारचा आणि 'इंधन व भाजीपाला' यासाठी मुलामागे ठरावीक पैसे. वरिष्ठांचा कागद यायचा की आहार सकस असावा, हिरव्या भाज्या असाव्यात. कागद वाचायचा आणि दराकडे बघायचं. मग काय, बटाटा! बटाटा स्वस्त, टिकतो, मुलंही खातात. दर ठरवणारा माणूस ताटातली भाजी ठरवत असतो, ती वाढणारी बाई नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

बोटीवर तेच, फक्त समुद्र मध्ये. पालेभाजी आठ-दहा दिवस टिकते, मग कोबी, गाजर, बटाटा, कांदा, आणि पुढे फ्रीझरमधलं मांस. एकटा भंडारी, हाताखाली एखादा पोऱ्या, आणि बावीस माणसं. दर आखडला की पहिली जातात फळं आणि ताज्या भाज्या, कारण त्याच महाग आणि त्याच नासतात. पोट भरायला भात, मैदा, साखर आणि तेल उरतं. भज्यांनी कोणी बंड करत नाही! शिवाय कित्येक बोटींवर दारूला सक्त बंदी (ती असावीच), बायको-मुलं हजारो मैलांवर, बाहेर नुसतं पाणी. आठवड्यात वाट बघण्यासारखी गोष्ट कुठली, तर रविवारची बिर्याणी आणि आइस्क्रीम. त्यावरून कोणी त्याला खादाड म्हणायचं असेल तर म्हणो.

आमच्या कोकणाला हे नवीन नाही. गोऱ्यांच्या बोटींवर डेकवर राबायला रत्नागिरीकडची माणसं असत, गोवेकर सलूनमध्ये. त्यांना पगार गोऱ्या खलाशापेक्षा कमी आणि शिधाही वेगळा, हलका. पॉलिशच्या भातावर राहून बेरीबेरी व्हायची. माझ्या सासरी एक चुलत आजेसासरे होते, ते बोटीवरून आले की चार दिवस घरच्या माणसांना ओळखू येत नसत इतके वाळलेले, असं सांगत. तेव्हा भात देऊन वाळवलं, आता भात देऊन फुगवताहेत. शिधा ठरवणारा मात्र दोन्ही वेळी वेगळाच कोणीतरी, किनाऱ्यावर बसलेला.

त्याआधीची एक गोष्ट मी सातवी-आठवीला शिकवायचे, क जीवनसत्त्वाच्या धड्याला जोडून. १७४७ साली 'सॅलिस्बरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं काही दिलं. संत्री-लिंबं मिळाली ती जोडी उठून बसली. पण ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. अठ्ठेचाळीस वर्षं! आणि तोवर जाणती माणसं काय म्हणत होती? की खलाशी आळशी असतात, आळसाने स्कर्व्ही होते. मुलांना मी ही गोष्ट विज्ञानाचा विजय म्हणून सांगायचे. आता वाटतं, अठ्ठेचाळीस वर्षांचा भाग जास्त शिकवायला हवा होता.

"मग व्यायाम करावा!" बोटीवर व्यायामाची खोली असते, दाखवायला. भाच्याच्या बोटीवर ट्रेडमिल होतं, त्याचा पट्टा तुटलेला. सुटा भाग मागवला की उत्तर यायचं, पुढच्या बंदराला. तेरा तास चाळीस डिग्रीत काढलेला माणूस डोलणाऱ्या खोलीत धावायला जाईल ही कल्पना ज्याला सुचली, त्याला एकदा नेऊन बघावं असं मला वाटतं.

पूर्वी निदान बंदरात उतरून चालणं व्हायचं. मुंबईच्या गोदीत बोट लागली की माल उतरायला आठवडे जात आणि लोक घरी दोन दिवस राहून परत जात. कंटेनर आले, न्हावा शेवा १९८९ साली सुरू झालं, आता बोट काही तासांत, फार तर दीड दिवसात रिकामी होऊन निघते. त्या वेळातही इंजिनाची दुरुस्ती असतेच. २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, कितीतरी ठिकाणी फाटकापर्यंत जायचीही पंचाईत. कोविडच्या २०२० साली तर सुमारे चार लाख खलाशी कंत्राट संपूनही बोटींवर अडकले होते. आमचाही त्यात होता, तेरा महिने. आपण घरात बसून थाळ्या वाजवत होतो.

आता दुसरी बाजूही बोलते, नाहीतर म्हणाल म्हातारी भाच्याची वकिली करते. (करते आहेच.) वजनाचा धोका खरा आहे. शंभराच्या आत माणसं असलेल्या बोटीवर डॉक्टर असावाच असा नियम नाही. म्हणजे मालवाहू बोटीवर डॉक्टर नाहीच, एखादा अधिकारी रेडिओवरून विचारून गोळ्या-इंजेक्शनं देतो. हार्ट अॅटॅक आला तर किनारा चार दिवसांवर. टाकीत उतरायची भोकं अरुंद, आग लागली की शिडीवरून धावायचं, बेशुद्ध माणूस उचलून आणायचा. मेडिकल हवीच. भाच्याने वजन उतरवायला हवं, हेही मी त्याला सांगितलं, आणि आम्ही बायकांनी त्याला निघताना डबाभर लाडू बांधून द्यायचं थांबवायला हवं हेही.

पण मेडिकल कशी हवी? आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी मिळून २०१३ साली खलाशांच्या वैद्यकीय तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात वजनाबद्दल असं आहे की बीएमआय हा जास्त तपासणी केव्हा करावी याचा इशारा समजावा, माणूस कामाला लायक की नाही हे केवळ त्यावरून ठरवू नये. माणसाला काम जमतं का, दम लागतो का, ते बघावं. भाच्याला कोणी एक पायरी चढायला सांगितली नाही. उंची मोजली, वजन केलं, भागाकार केला, शिक्का मारला.

आणि बोटींनी मात्र हे वजन केव्हाच मान्य केलं आहे. लाइफबोटीत किती माणसं मावतील हे ठरवताना एका माणसाचं सरासरी वजन ७५ किलो धरत असत. मालवाहू जहाजांसाठी ते पुढे ८२.५ किलो केलं, प्रवासी जहाजांसाठी ७५ च ठेवलं. म्हणजे खलाशी जड झालाय हे बाक करणाऱ्यांना कळलं, नियम करणाऱ्यांनी लिहून ठेवलं. बाक रुंद केला. ताट कोणी बघितलं का? इटलीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये तिथल्या मालवाहू बोटींवरच्या खलाशांची पाहणी छापली, त्यात चाळीस टक्क्यांवर माणसं जादा वजनाची होती आणि दहा टक्क्यांवर लठ्ठ. एका वर्गात निम्मी मुलं नापास झाली तर आमचे मुख्याध्यापक मुलांना नाही, मला बोलावून घेत.

तेव्हा माझं मागणं असं, की ज्या दिवशी खलाशाला काट्यावर उभं कराल त्याच दिवशी त्याच्या मागच्या बोटीचे कागदही काट्यावर ठेवा. फीडिंग रेट किती होता, शेवटच्या पंधरा दिवसांत भाजी कुठली होती, रात्रीच्या पाळीला गरम जेवण होतं का, ट्रेडमिलचा पट्टा कधी आला. संतुलित आहार हवा असं त्या २००६ च्या कराराच्या नव्या दुरुस्त्यांत आलं आहे, त्या डिसेंबर २०२४ पासून लागूही झाल्या. छान झालं. पण 'सकस आहार असावा' हे वाक्य मी खिचडीच्या कागदावरही वाचलेलं आहे. बंदरात तपासणीला येणाऱ्याने कोठीत उतरून बघावं, दर विचारावा. आणि अनफिट ठरवलेल्या माणसाला, ज्याचं वजन कंपनीच्या बोटींवर दहा वर्षांत वाढलं, त्याला निदान ते उतरवेपर्यंत अर्धा पगार द्यावा. पायरीवरून पडून पाय मोडला तर उपचार करता ना? हे दहा वर्षं घेऊन मोडलेलं आहे, एवढाच फरक.

भाच्याने उतरवलं वजन. कसं ते सांगू नको म्हणाला, तरी थोडं सांगते. शेवटच्या आठवड्यात पाणीसुद्धा मोजून. जुलाबाच्या गोळ्या. मेडिकलच्या आदल्या दिवशी एसटी स्टँडवर त्याला भोवळ आली आणि पानपट्टीवाल्याने धरून बसवलं. दुसऱ्या दिवशी काट्यावर ८४ भरले, 'फिट'चा शिक्का बसला. ज्याला काल उभं राहता येत नव्हतं तो आज इंजिनरूमला लायक, आणि दोन महिन्यांपूर्वी शिड्या चढत होता तो नालायक. आहे की नाही गंमत?

मागच्या महिन्यात तो गेला. लाडू दिले नाहीत. भाजलेले चणे आणि आवळ्याची सुपारी दिली, त्याने ती न बोलता घेतली.

परवा त्याने जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवला. भात, डाळ, तळलेला मासा, बटाट्याची भाजी, बाजूला कांद्याच्या दोन चकत्या. निघून अठरा दिवस झालेत, हिरवं संपलं. नवं ट्रेडमिल आहे म्हणे, पण त्या खोलीत सध्या पेंटचे डबे ठेवलेत. मी त्याला कळवलं की यावर लिहिणार आहे. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, पाळी संपल्यावर, पहाटे साडेचारला.

"लिही आत्या. पण माझं नाव टाकू नकोस, आणि बोटीचंही नको. पुढचं कंत्राट याच कंपनीत हवंय."